टोस्टरला सूर्यास्त जमत नाही

ती पिवळी मोटारसायकल कचेरीमागच्या पटांगणात शिरली तेव्हा ब्रिटा हॅल्वरसनला क्षणभर वाटलं, गाडी आपली आपणच येते आहे आणि दोन्ही बाजूंना कोणीतरी गुडघे टांगून ठेवले आहेत. मग गुडघ्यांच्या वर, बऱ्याच उंचावर, तिला एक हेल्मेट दिसलं.

एप्रिलची भुरभुर चालू होती. डोंगरावरचं बर्फ अजून वितळायचं होतं. ब्रिटाने रेनकोटची टोपी मागे सारली आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारलं, "नाव?"

"वेंडेल कोट्स."

"गाडी तुमची?"

"घरमालकिणीची. लोक म्हणाले, परीक्षेला छोटी गाडी न्यावी. पटकन वळते."

"गाडी वळेल हो. गुडघे कसे वळवणार?"

"त्यांची परीक्षा वेगळी असते का?"

ब्रिटा हसली नाही. हसणं तिच्या नोकरीत बसत नव्हतं. हार्लन गावच्या या परवाना कचेरीत मोटारसायकलची परीक्षा तीच घ्यायची, आणि तिच्या नावाने अख्खा जिल्हा चळचळ कापायचा. तिने सख्ख्या चुलतभावाला नापास केलं होतं. पाद्रीबाबांना नापास केलं होतं, तेही नाताळच्या आदल्या आठवड्यात. आयडाहोच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात लोक वादळाला आणि ब्रिटाला सारखंच वचकून असत.

"हे नारिंगी कोन बघा," ती म्हणाली. "यांच्यामधून इंग्रजी आठचा आकडा काढायचा. सावकाश. पाय जमिनीला लागला की परीक्षा संपली. पाय वर — एवढं एकच लक्षात ठेवा."

वेंडेलने अर्धा आठ बरा काढला. गुडघे हँडलला लागू नयेत म्हणून ते त्याने बाहेर फाकवले होते, त्यामुळे तो थेट नाकतोड्यासारखा दिसत होता. आणि मग कुंपणाखालून एक खार आली, आठच्या बरोबर मध्यात थांबली आणि दोन पायांवर उभी राहून त्याच्याकडे बघू लागली.

त्याने ब्रेक दाबला. पाय टेकला.

"नापास," ब्रिटा म्हणाली.

"पण ती खार —"

"खार परीक्षेला बसली नव्हती."

त्याने कुंपणाकडे पळणाऱ्या खारीकडे पाहिलं. मग हेल्मेट काढून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. तिला लागलं नाही ना काही?"

"नाही."

"मग झालं तर. आभारी आहे." आणि खरोखरच आभार मानल्यासारखा तो हसला. त्याचे डोळे करडे होते आणि पापण्यांवर पावसाचे थेंब होते. ब्रिटाने ते पाहिलं, आणि आपण ते पाहिलं याचा तिला राग आला.

जूनमध्ये तो पुन्हा आला. तीच पिवळी गाडी, तेच गुडघे. या वेळी खार नव्हती, पण वळणावर त्याचा गुडघा हॉर्नच्या बटणावर असा काही बसला की हॉर्न वाजतच राहिला. तो दचकला आणि पाय टेकला. हॉर्न तरीही वाजत होता. त्या गोंगाटातच ब्रिटाने "नापास" म्हटलं आणि त्याने "आभारी आहे" म्हटलं. इतक्या प्रेमाने नापास होणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

आता ब्रिटाची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई नुसती शिट्टी आणि नियम. शनिवार उजाडला की ब्रिटा आपली लाल मोटारसायकल काढायची. उंच, खरबरीत टायरांची, डांबरावर जेवढ्या खुशीत पळेल तेवढ्याच खुशीत दगडधोंड्यांत आणि ओढ्यांत उतरणारी. आणि ती चिखलखाऊ मंडळाची सभासद होती. तसल्याच गाड्या बाळगणाऱ्या वीस-पंचवीस जणांचं हे मंडळ. कोणी कुठे गेलं की मंडळाच्या ऑनलाइन गटावर फोटो टाकायचे, एकमेकांच्या गाडीवरच्या चिखलाचं कौतुक करायचं आणि शिवाशिवी खेळायची.

त्यांची शिवाशिवी अशी: ज्याच्यावर राज्य असेल त्याने आपल्या गाडीचा फोटो कुठेतरी आडरानात काढून टाकायचा. जागेचं नाव सांगायचं नाही. बाकीच्यांनी ती हुडकायची. जो आधी पोहोचेल त्याने आपली गाडी त्याच जागी उभी करून फोटो टाकायचा, की राज्य त्याचं. फोटोत गाडी हवी, माणूस नको, असा कडक नियम होता. कारण पूर्वी एका सभासदाने पाठदुखीची रजा काढली होती आणि त्याच दुपारी तो डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला त्याच्या साहेबाने फोटोत पाहिला होता. तेव्हापासून चेहरे बंद, नावंही बंद. प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं.

ब्रिटाने घेतलं होतं 'पाय वर'.

मे महिन्यात मंडळात 'टोस्टर' आला. निळी गाडी, टाकीला एक पोचा आणि मागे सामानासाठी पाव ठेवायचा जुना पत्र्याचा डबा बांधलेला. आल्या आल्या त्याने ब्रिटाची जागा हुडकली. ओढ्यावरचा मोडका पूल होता तो, जो मंडळातल्या जुन्या खोडांनाही सापडला नव्हता.

"सापडला," त्याने फोटोखाली लिहिलं. "वाटेत तीनदा हरवलो. तिन्ही जागा छान होत्या."

"इथे सगळे आधी नकाशा बघतात," ब्रिटाने लिहिलं.

"मीही बघितला. उलटा धरला होता."

मग काय, सुरूच झालं. ती बेवारस खाणीच्या तोंडाशी गाडी उभी करायची, दुसऱ्या दिवशी तिथे निळी गाडी. तो एखाद्या गंजक्या ट्रॅक्टरजवळ फोटो काढायचा, ती कचेरीतून सुटल्यावर तिकडे धूळ उडवत जायची. बाकीचे चिखलखाऊ कुरकुरू लागले. "अरे, आम्हाला खेळायला घेणार आहात की नाही?" असं एकाने लिहिलंसुद्धा.

आणि एक गोष्ट होती, जी फक्त ब्रिटाच्या लक्षात आली होती. टोस्टरच्या फोटोत निळी गाडी कधी मधोमध नसायची. ती एका कडेला असायची, आणि शेजारी बरोबर एका गाडीपुरती जागा रिकामी असायची. दर वेळी. ब्रिटा रात्री जेवताना तो फोटो बघायची, त्या रिकाम्या जागेकडे बघायची, आणि सूप निवून जायचं.

जुलैत तिने धीर केला. "लुकआउटच्या डोंगरधारेवरून सूर्यास्त फार सुंदर दिसतो," तिने लिहिलं. "शनिवारी मी तिथे असेन. कोणाला यायचं असेल तर... यावं."

उत्तर यायला वेळ लागला. "सूर्यास्त मला जमत नाही. माफ करा."

ऑगस्टमध्ये तिने पौर्णिमेचं विचारलं. "चंद्रही नाही जमत," तो म्हणाला. "सकाळ चालेल? दुपार? कडक ऊन?" पण तोवर ब्रिटाचा चेहरा उतरला होता, आणि तिने उत्तर दिलं नाही.

ती तडक सिल्व्हर बेंडला नदीनच्या कॉफीघरात गेली. नदीन म्हणजे मंडळाची म्होरकी. सत्तरीला टेकलेली, केस पांढरेशुभ्र, आणि बर्फ पडेपर्यंत मोटारसायकल न सोडणारी. टोपणनावांमागची खरी माणसं ठाऊक असलेली ती एकटीच.

"लग्न झालेलं असणार त्याचं," ब्रिटा पॅनकेकमध्ये काटा खुपसत म्हणाली. "संध्याकाळी कधीच बाहेर पडत नाही. असं कोण असतं?"

"कोंबडी," नदीन म्हणाली.

"चेष्टा नको, मावशी."

"चेष्टा कुठे? अंधार पडायच्या आत खुराड्यात. बघ विचार करून, अजून कोण असतं तसं." आणि ती हकलबेरीच्या जॅमची बरणी पुसत बसली, अशी खुशीत की ब्रिटाला ती बरणी उचलून आपटावीशी वाटली.

"तुला माहीत आहे तो कोण आहे."

"आहे. शब्द दिलाय, म्हणून सांगणार नाही. पण तुझं डोकं एवढं चालतं, तिथे माझी काय गरज?"

सप्टेंबरच्या शेवटी टोस्टरने फोटो टाकला. निळी गाडी, नेहमीसारखी कडेला, आणि खाली लिहिलेलं: "विकणे आहे. बर्फ पडायच्या आत. डबा सोबत फुकट. कामाचं वर्ष संपत आलं, बहुतेक पुढच्या महिनाअखेर स्पोकेनला परत जाईन. पाय वर, तुमच्याइतकं चांगलं मला कोणी हरवलं नाही."

ब्रिटाने ते तीनदा वाचलं. मग तिने स्वतःशी खोटं बोलणं सोडून दिलं. ज्याचा चेहरा पाहिला नाही, आवाज ऐकला नाही, अशा माणसावर तिचं प्रेम बसलं होतं, आणि तो निघाला होता. लग्न झालेला असो की कोंबडी असो. ती सिंकपाशी उभी राहून बराच वेळ रडली, आणि मग चिडून भांडी घासली.

सोमवारी कचेरीच्या खिडकीशी एक गोठेवाली बाई मोटारसायकलचं लर्निंग लायसन घ्यायला आली. ब्रिटा तोंडपाठ असलेलं म्हणू लागली, "यावर महामार्गावर जायचं नाही. मागे कोणाला बसवायचं नाही. आणि अंधार पडल्यावर —"

ती थांबली.

"अंधार पडल्यावर काय?" बाईने विचारलं.

"चालवायची नाही," ब्रिटा हळूच म्हणाली. "सूर्यास्त... जमत नाही."

"मला चालेल की. मी आठला झोपते."

बाई गेल्याबरोबर ब्रिटाने फोन काढला आणि टोस्टरचे सगळे फोटो पहिल्यापासून पाहिले. एकही संध्याकाळचा नव्हता. एकही महामार्गालगतचा नव्हता. बिचारा चाळीस मैल वळसा घालून मागच्या वाटेने जात होता, म्हणून तर हरवत होता. आणि अजून एक. दोन-तीन फोटोंत चुकून फोटो काढणाऱ्याची सावली आली होती. भर दुपारची सावली, जी पायाशी गोळा व्हायला हवी, ती गाडीच्या चाकापर्यंत पोहोचली होती. एवढा लांबलचक माणूस या जिल्ह्यात तिने एकच पाहिला होता. पिवळ्या गाडीवर, गुडघे फाकवलेला.

"अगं बाई," ब्रिटा म्हणाली, आणि मटकन खुर्चीत बसली. मंडळातला सगळ्यात पट्टीचा चालवणारा अजून शिकाऊ होता. आणि शिकाऊ होता, कारण तिने त्याला दोनदा नापास केलं होतं. लर्निंग लायसनची मुदत संपत आली होती, म्हणून गाडी विकायला काढली होती. म्हणजे तिच्या प्रेमाला गावाबाहेर हाकलत होतं कोण? तर ती स्वतः.

त्या वेळी तिच्यावर राज्य होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरी उघडायच्या आधी, तिने लाल गाडी मागच्या पटांगणात आठच्या आकड्याच्या बरोबर मध्यात उभी केली आणि फोटो टाकला. खाली लिहिलं: "सोपी जागा आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत वाट बघेन. पण गाडी ज्याची त्याने आणावी. मागून आणलेली चालणार नाही."

दुसरं कोणी पोहोचेल अशी भीतीच नव्हती. ती जागा मंडळातल्या प्रत्येकाने ओळखली. प्रत्येकाला तिथे कधी ना कधी घाम फुटला होता, आणि पुन्हा तिथे पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती.

शुक्रवारी आकाश निळंशार होतं, आणि डोंगरावरची लार्चची झाडं सोन्यासारखी पिवळी झाली होती. ब्रिटा पटांगणात हातात पेन घेऊन उभी होती. पेनाचं टोपण तिने चावून चावून चपटं केलं होतं. मग तिला इंजिनाचा आवाज आला, आणि कुंपणाच्या फाटकातून निळी गाडी आत आली. टाकीला पोचा, मागे पावाचा डबा. आणि गंमत अशी, की या उंच गाडीवर तो लांब माणूस बरोबर मावत होता. गुडघे होते तिथेच होते, जागच्या जागी.

त्याने हेल्मेटची काच वर केली. करडे डोळे.

"मी... परीक्षेला आलोय," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा. आणि फोटोलाही."

ब्रिटाने पेन उघडलं. बंद केलं. मग ती वळली आणि मागच्या दाराकडे बघून तिने हाक मारली, "लॉइड! जरा बाहेर या."

लॉइड तिचा वरिष्ठ. हातात सँडविच घेऊनच तो आला. निवृत्तीला आलेला, शांत, आणि जेवणाच्या वेळेला फार जपणारा माणूस.

"ही परीक्षा तुम्ही घ्या," ब्रिटा म्हणाली.

"मी? का? तुझे हात मोडलेत?"

"मला घेता येणार नाही. नियमात बसत नाही."

"नात्यातला आहे?"

"नाही."

"शेजारी?"

"नाही."

"भांडण आहे का काही?"

"तसंही नाही."

लॉइडने सँडविचचा घास चावला, गिळला. "मग कुठला नियम आडवा येतोय, ते तरी सांग. बाई, माझं जेवण चाललंय."

ब्रिटाने मान खाली घातली. कान तापले होते. पण नियम म्हणजे नियम, आणि ती आजवर खोटं बोलली नव्हती.

"त्याने पाय टेकला," ती म्हणाली, "तर तो मला दिसणार नाही."

लॉइडचं चावणं थांबलं. धुळीत, पावसात, बर्फात, कोणाचा नुसता बुटाचा तळवा घासला तरी जिला दिसायचं, ती ही ब्रिटा हॅल्वरसन. त्याने सँडविच हळूच कोनावर ठेवलं.

"एवढं झालंय?"

"एवढं झालंय."

"आणि त्याला माहीत आहे?"

"आत्ता कळलं," हेल्मेटमधून आवाज आला.

"बरं," लॉइड म्हणाला. "मग तू तिकडे भिंतीकडे तोंड करून उभी राहा. वळायचं नाही. नाहीतर मला दोघांनाही नापास करावं लागेल."

ब्रिटा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीला पांढरा रंग दिलेला होता आणि एका ठिकाणी पोपडा आला होता. तो पोपडा तिला जन्मभर आठवणार होता. मागे इंजिन सावकाश घुमू लागलं. पहिलं वळण... गेलं. आता मधली फुली. आता दुसरं वळण. इंजिनाचा आवाज अचानक खाली आला, आणखी खाली... आणि नुसता गुरगुरत राहिला. गाडी थांबली होती.

ब्रिटाने डोळे मिटले. देवा, त्याने पाय टेकू नये. मी पाद्रीबाबांना पास करीन. देवा, दोनदा करीन.

काहीच होत नव्हतं. इंजिन गुरगुरत होतं. लॉइड हळूच "अरे वा" म्हणाला. मग क्लच सुटल्याचा आवाज आला, आणि गाडी पुन्हा निघाली, वळण पूर्ण करून सरळ तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"पास," लॉइड म्हणाला. "वळ आता."

"थांबला होता तो," ब्रिटा म्हणाली. ती गर्रकन वळली. "मध्येच थांबला होता."

"थांबला होता. एक खार आडवी आली. हा गडी फूटरेस्टवर उभा राहिला, गाडी जागच्या जागी तोलून धरली, आणि बाईसाहेब निघून जाईपर्यंत तसाच. पाय वर. नियमात थांबायला मनाई नाही, पाय टेकायला आहे." त्याने कोनावरून सँडविच उचललं. "खारीला बरी सवय आहे या पटांगणाची." आणि तो आत गेला, आणि दार त्याने जरा मुद्दामच जोरात लावलं.

वेंडेलने हेल्मेट काढलं. केस घामाने चपटे झाले होते.

"तुम्ही कधी ओळखलंत?" त्याने विचारलं.

"सोमवारी. तुम्ही?"

तो बुटाच्या टोकाकडे बघू लागला. "जूनमध्ये. दुसऱ्या परीक्षेला. तुमची लाल गाडी त्या झाडाखाली उभी होती."

"जूनमध्ये!" ब्रिटा ओरडलीच. "मग त्यानंतर लगेच ही निळी का नाही आणलीत? हिच्यावर तर तुम्ही झोपेतही पास झाला असता."

"आणता आली असती, पण मुद्दामच आणली नाही. ही पाहिली असती तर तुम्हाला कळलं असतं ना, टोस्टर म्हणजे हाच नापास प्राणी." त्याने खांदे उडवले. "मी दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोक माझ्यापुढे तोंड उघडतात, आणि माझं मात्र उघडत नाही. फोटोखाली लिहायला जमतं. म्हटलं, आमच्या दोघांपैकी एक तरी तुम्हाला आवडतोय, त्याला का बुडवावं?"

"दोघंही आवडत होते," ब्रिटा म्हणाली. "एक जरा जास्त उंच होता, इतकंच."

तो हसला. एप्रिलमधलंच हसू, पण या वेळी ब्रिटाने ते पाहिलं आणि तिला कसलाही राग आला नाही.

"गाडी विकलीत?" तिने विचारलं.

"एक गिऱ्हाईक आलं होतं. म्हणालं, डबा नको. मी म्हटलं, मग गाडीही नाही." मग तो एका दमात म्हणाला, "दवाखान्यात अजून एक वर्ष राहा म्हणून मागे लागलेत. मी उत्तर दिलेलं नाही. तुम्ही सांगा, काय सांगू? मला तुमच्यावर — म्हणजे मी तुमच्यावर, मे महिन्यापासून —"

"हो सांगा," ब्रिटा म्हणाली. "आणि मला 'तू' म्हण."

मग फोटो काढायचा राहिला होता. निळी गाडी आठच्या मध्यात उभी राहिली, सवयीने फोटोच्या कडेला, शेजारी एका गाडीपुरती जागा सोडून. ब्रिटाने झाडाखालून आपली लाल गाडी ढकलत आणली आणि त्या जागेत उभी केली. बरोबर मावली. फोटो टाकल्यावर पहिलं उत्तर नदीनचं आलं: "कोंबडी खुराड्याबाहेर आली वाटतं. चेहरे नाहीत, नियम पाळलात. आता खऱ्या पॅनकेकला या दोघं."

पण ते पॅनकेकला गेले नाहीत. ऊन कलू लागलं होतं.

"आता अंधारातही चालवता येईल मला," वेंडेल म्हणाला. "महामार्गावरही. आणि मागे कोणाला बसवताही येईल." हे शेवटचं तो दुसरीकडे बघत म्हणाला.

"मी कोणाच्या मागे बसत नाही," ब्रिटा म्हणाली. "आजवर बसले नाही, पुढे बसणार नाही."

"बरं," तो म्हणाला. थोडा विचार केला. "मग मी बसलो तर?"

निळी गाडी पटांगणातच राहिली, लॉइडच्या भरवशावर. लाल गाडीवर पुढे ब्रिटा बसली, मागे तो. त्याने हात कुठे ठेवावे हे न कळून आधी सीटच्या पट्ट्याला धरलं. ब्रिटाने मागे न बघता ते हात सोडवले आणि आपल्या कमरेभोवती घेतले. फाटकाबाहेर रस्ता होता, रस्त्याच्या टोकाला लुकआउटची धार, आणि धारेवर सूर्य अजून टेकायचा होता. तिने क्लच दाबला, गिअर टाकला, आणि खाली पाहिलं. त्याचे लांबच लांब पाय दोन्ही बाजूंनी लटकत होते, आणि बुटांची टोकं धुळीत दोन रेघा ओढायच्या बेतात होती.

"वेंडेल," ती म्हणाली. "पाय वर."